पोतदारांची ढाल

बाबांना कुणी “तुम्ही मूळचे कुठले?” असं विचारलं की ते हसून म्हणायचे, “ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये.” विचारणाराही हसायचा आणि विषय दुसरीकडे वळायचा. अमेरिकेत, पार्सिपनीत, त्या काळी मराठी माणसं थोडी, आणि जी होती ती भेटल्या भेटल्या हाच प्रश्न विचारायची. पुण्याचे की मुंबईचे, पुण्यात कुठल्या पेठेतले, त्या बँकेतल्या अमक्यांचे तुम्ही कोण? कुठेतरी एक समान ओळख निघेपर्यंत कुणी कुणाला सोडत नसे. आईकडे या चौकशीला पुरून उरतील इतके नातेवाईक होते. माहेर साताऱ्याचं, एक मावशी नागपूरला, मामा मुंबईला गोदीत. ती माणसं आम्हाला कधी पत्र पाठवत नसत, पण सांगायला उपयोगी पडत. बाबांकडे तेवढी ती एक म्हण होती. माझे बाबा फार विनोदी आहेत, असं मला लहानपणी वाटायचं.

आमचं घर उताराच्या रस्त्यावर होतं, मागे ओकची झाडं आणि पुढे मिसेस डोनेली. खाली तळघरात घर तापवायची भट्टी घरघरायची आणि तिचा आवाज हिवाळाभर जमिनीतून पायांना जाणवायचा. बाबा रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. घरी आले की त्यांच्या कोटाला टर्पेंटाइनचा वास असायचा आणि आई तो कोट गराजमध्येच टांगायला लावायची. रविवारी सकाळी कुकरच्या शिट्ट्या, रेडिओवर हवामान, आणि इंडियन स्टोअरमधून आणलेल्या जुनाट पोह्यांना लिंबू पिळपिळून ताजं करायची आईची खटपट. सावर क्रीम रात्रभर फडक्यात टांगून ती श्रीखंड करायची, आणि ते इतकं चांगलं व्हायचं की पुढे मी भारतात खऱ्या चक्क्याचं खाल्लं तेव्हा ते मला आंबट लागलं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं नाव माधवी, पण शाळेत सगळे मॅडी म्हणत. तिला आईचं रूप आणि बाबांचा हट्टीपणा मिळाला होता. मला शुभाला उरलेलं मिळालं, असं ती चिडवायची.

वर्षातून एकदा आमच्याकडे सत्यनारायण असे. गुरुजी एरवी बँकेत नोकरी करत आणि शनिवारी धोतर नेसून, वरून बर्फातला जाड पार्का कोट घालून, गाडीतून पूजा सांगत फिरत. संकल्पाच्या वेळी ते हात पुढे करून विचारायचे, “गोत्र?” आणि बाबा मान खाली घालून काहीतरी पुटपुटायचे. दरवर्षी गुरुजी “काय?” म्हणायचे आणि बाबांना ते पुन्हा सांगावं लागायचं. “काश्यप.” घरभर ज्यांचा आवाज घुमायचा त्या माणसाचा आवाज नेमका तिथेच इतका का बारीक होतो, याचं मला कोडं होतं. मला वाटायचं, ते एक पवित्र अक्षर असणार, मोठ्याने म्हणायचं नसेल. गोत्र माहीत नसलेल्या माणसाला काश्यप म्हणायला सांगतात, हे मला फार पुढे कळलं.

हर्डीकर काका आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दिसायला लागले ते त्यांच्या कंपनीने त्यांना नारळ दिल्यानंतर. मूळचे ते ड्राफ्ट्समन. पाण्याच्या टाक्यांची आणि पुलांची ड्रॉइंग्ज काढण्यात त्यांची हयात गेलेली. पन्नाशी उलटल्यावर नवी नोकरी मिळेना, तेव्हा मॉलमध्ये चकरा मारताना त्यांना एक गाडा दिसला. त्यावर कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर. गिऱ्हाइकाने आडनाव सांगायचं, आणि पिवळसर जाड कागदावर त्या आडनावाचा इतिहास आणि वर ढाल, शिरस्त्राण, सिंह असं राजचिन्ह छापून मिळायचं. आयरिश, इटालियन, पोलिश, सगळे रांगेत उभे. मिसेस डोनेलींच्या दिवाणखान्यातही तसलं एक होतं. आपल्या लोकांना काय इतिहास कमी आहे, असं काकांच्या मनात आलं आणि त्यांनी कॉम्प्युटर घेतला. गणपतीला हायस्कूलचं कॅफेटेरिया भाड्याने घेत असत, तिथे मखराच्या डाव्या हाताला त्यांचं टेबल लागलं.

काकांची ढाल मॉलमधल्या ढालीवरूनच काढलेली होती. शिरस्त्राणाच्या जागी त्यांनी पगडी बसवली. सिंहाचा वाघ करायचा त्यांचा विचार होता, पण तो काही जमला नाही म्हणून सिंहच राहिला. ढालीच्या मध्ये आडनावाप्रमाणे वस्तू बदलायची. पोतदारांसाठी तराजू, कारण पोतदार म्हणजे जुन्या काळी नाणी पारखणारा. खाली एक फीत होती आणि तिच्यावर लॅटिनमध्ये काहीतरी लिहिलेलं. ते काढलं तर फीत बोडकी दिसत होती म्हणून काकांनी ते ठेवून दिलं. म्हणजे जोशी, शिंदे, पोतदार, सगळ्यांचं ब्रीद एकच, आणि ते एकालाही वाचता येत नव्हतं. मला आजही हसू येतं. पण तेव्हा त्या टेबलापुढे आमचे डॉक्टर आणि इंजिनियर हातात खिचडीच्या कागदी बश्या घेऊन उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

बाबा रांगेत उभे राहिले याचंच मला आश्चर्य वाटलं. त्यांची पाळी आली. हर्डीकर काकांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. बाबा म्हणाले, “तुमच्याकडे काय आहे ते द्या.” काकांनी बटणं दाबली, प्रिंटर किरकिरत मागेपुढे धावू लागला आणि कागद बाहेर आला. बाबांनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला. पोतदारांचं प्राचीन आणि मानाचं घराणं कृष्णाकाठचं. त्यांच्या एका मूळ पुरुषाने खोट्या नाण्यांचा कट पकडून दिला, त्याबद्दल राजाने तलवार आणि जमीन दिली. कुलदैवत तुळजाभवानी. गोत्र कौशिक. हे सगळं ऐटदार इंग्रजीत, आणि वर काकांच्या सुंदर हस्ताक्षरात देवनागरीत ‘पोतदार’. बाबांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांना काहीतरी विचारलं तर त्यांना ऐकूच आलं नाही.

ती फ्रेम दिवाणखान्यात सोफ्याच्या समोरच्या भिंतीवर लागली. आई म्हणाली, “तिथे कशाला, वर खोलीत लावा.” बाबांनी ऐकलं नाही. खिळा ठोकायला त्यांनी लेव्हल आणली, पेन्सिलने खूण केली. त्यानंतर ती म्हण त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकली नाही. कुणी मूळचे कुठले विचारलं की ते म्हणायचे, “कृष्णाकाठचे,” आणि भिंतीकडे हात करायचे. पुढच्या सत्यनारायणाला गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा बाबा “कौशिक” असं म्हणाले की स्वयंपाकघरातल्या बायकांनी वळून पाहिलं. आई तेव्हा प्रसादाचा शिरा परतत होती. तिने उलथनं थांबवलं आणि परत सुरू केलं.

शाळेत आमचे इतिहासाचे सर मिस्टर केसलर यांनी एकदा या मॉलमधल्या ढालींचा विषय काढला. ते म्हणाले, हे राजचिन्ह आडनावाला कधीच दिलेलं नसतं. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वारसांकडे जातं. त्याच आडनावाच्या बाकी हजारो लोकांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. मी घरी येऊन बाबांना मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. पोतदार तर प्रत्येक बाजारगावात असणार, मग आपण याच पोतदारांपैकी कशावरून, असंही विचारलं. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “आपल्याकडे तसं नसतं.” नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मी मनात म्हटलं. सोळाव्या वर्षी माणसाला म्हणी फार सुचतात.

संदीप वैद्य ताईला युनिव्हर्सिटीत भेटला होता. उंच, थोडा पोक काढून चालणारा, बोलताना चष्मा पुसणारा. तो घरी आला की बाबांशी केमिस्ट्रीवर बोलायचा आणि माझ्याशी बास्केटबॉलवर, आणि जाताना ताई त्याला गाडीपर्यंत सोडायला जायची ती बऱ्याच वेळाने थंडीने लाल झालेलं नाक घेऊन परत यायची. त्यांचं ठरलेलंच होतं. उरली होती ती फक्त रीत, म्हणजे त्याच्या आईने येऊन पोहे खाणं. वैद्य काकू विधवा होत्या, नागपूरला शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर संदीपकडे राहायला आलेल्या, आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय लागलेला. त्या आल्या त्या दिवशी बर्फ पडून गेलं होतं. आईने पोह्यांवर ओलं खोबरं घातलं, श्रीखंड काढलं. काकूंना सगळं आवडलं. ताई तर इतकी आवडली की त्यांनी तिचा हात हातात धरूनच ठेवला. मग चहा आला, काकू सोफ्यावर टेकल्या आणि त्यांनी चष्मा लावून समोरच्या भिंतीवरचं वाचायला सुरुवात केली.

“अगंबाई, तुमचं कौशिक?” त्या म्हणाल्या.

“हो,” बाबा म्हणाले. किती आनंदाने म्हणाले. कुणीतरी फ्रेम वाचली याचा तो आनंद होता, आणि पुढचं त्यांच्या ध्यानात येण्याआधीच तो शब्द तोंडातून गेला होता.

“आमचंही कौशिकच हो,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी ताईचा हात हळूच सोडला.

एका गोत्राची मुलं म्हणजे बहीणभाऊ. त्यांचं लग्न होत नाही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. ताईला ऐकून माहीत होतं, पण असलं काही अमेरिकेत आपल्या घरात येऊन बसेल असं तिला वाटलं नव्हतं. काकू काही जुनाट बाई नव्हत्या. जाताना दारात त्या आईला म्हणाल्या की त्यांचं स्वतःचं काही नाही, पण त्यांच्या मोठ्या दिरांनी संदीपच्या शिक्षणाला हातभार लावला होता, आणि या बाबतीत ते फार कडक होते. बघू काहीतरी, असं म्हणून त्या गेल्या. संदीप चष्मा पुसत त्यांच्यामागून गेला.

पुढच्या शनिवारी ताईने मला गाडीत घातलं आणि आम्ही हर्डीकर काकांकडे गेलो. त्यांचं दुकान त्यांच्या तळघरातच होतं. खोक्यांत फ्रेमा, एका दोरीवर चिमट्यांनी लावलेले कागद, आणि धुण्याच्या मशीनवर कॉम्प्युटर. ताईने सरळच विचारलं की आमचं गोत्र तुम्हाला कुठून मिळालं. काकांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. उलट आपली पद्धत कुणी विचारतंय याचा त्यांना आनंदच झाला. एखाद्या आडनावाचा पहिला माणूस आला की ते त्याला गाव, कुलदैवत, गोत्र विचारत. तो सांगेल ते मशीनमध्ये भरत. लढाई, तलवार, जमीन वगैरे ते स्वतः घालत. नंतर त्याच आडनावाचा जो येईल त्याला तेच छापून देत. पहिले पोतदार डेलावेअरचे एक डेंटिस्ट होते. कौशिक त्यांचं. “आणि मला सांग माधवी,” काका म्हणाले, “तक्रार एकाची आली नाही आजवर. लोक वाचतात आणि म्हणतात, अगदी बरोबर.” मग तिचा चेहरा बघून त्यांना दया आली. “तुला कुठलं गोत्र पाहिजे ते सांग. लगेच नवीन काढून देतो. पैसे नकोत.”

ताई म्हणाली, “नो, थँक यू, काका.”

गाडीत बसल्यावर ती हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिच्या दृष्टीने सगळं सुटलंच होतं. बाबांनी फक्त वैद्य काकूंना सांगायचं की ही फ्रेम म्हणजे बाजारातली शोभेची वस्तू आहे, आमचं गोत्र ते नाही. संपलं. येताना तिने माझ्यासाठी डोनट्स घेतले. घरी येऊन तिने हे बाबांना सांगितलं तेव्हा ते ऐकत राहिले, मग उठले, गराजमधून फावडं घेतलं आणि आधीच साफ असलेल्या ड्राइव्हवेवरचं उरलंसुरलं बर्फ खरवडायला गेले. फावड्याचा तो काँक्रीटवर घासण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

तेव्हा आईने आम्हाला समोर बसवलं. ती लसूण सोलत होती आणि बोलतानाही सोलत राहिली. बाबा अगदी लहान असताना कुणीतरी त्यांना एका गावातल्या बोर्डिंगच्या ओट्यावर बसवून निघून गेलं होतं. कोण, का, कुठून, काही माहीत नाही. बोर्डिंगच्या रेक्टरांनी शाळेत घालताना नाव लिहिलं दत्तात्रय, बापाच्या जागी स्वतःचं रामचंद्र, आणि आडनाव स्वतःचं पोतदार. रेक्टर चांगले होते, पण त्यांच्या घरचे लोक बाबांना पोतदार म्हणत नसत. आई आणि बाबा कॉलेजात भेटले. आईच्या वडिलांकडे बाबा मागणी घालायला गेले तेव्हा ते घरात या म्हणालेच नाहीत. बाबा उंबऱ्यात उभे, आणि आजोबा आतून म्हणाले, “ज्याच्या बापाचा पत्ता नाही त्याला मुलगी कशी देऊ?” आळीतले लोक ऐकत होते. आईने बाबांशी रजिस्टर लग्न केलं आणि माहेर तुटलं. अमेरिकेत यायचं बाबांनी ठरवलं ते, आई म्हणाली, नोकरीसाठी नव्हे. इथे कुणी विचारणार नाही असं त्यांना वाटलं होतं. “आणि इथे येऊन बघते तर काय, पहिला प्रश्न तोच,” आई म्हणाली. तिने सालं गोळा केली आणि कचऱ्यात टाकली.

मी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. आमचा नसलेला इतिहास, आमच्या नसलेल्या आडनावाचा, डेलावेअरच्या एका डेंटिस्टच्या तोंडून आलेला. मला बाबांची इतकी कीव आली की मी ताईकडे बघू शकले नाही. बाबा असे उठून बाहेर गेले याचा ताईला आलेला राग मात्र कुठल्या कुठे गेला होता. ती बाहेर गेली, बाबांच्या हातातलं फावडं घेतलं आणि त्यांच्याबरोबर आत आली. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही काही सांगू नका. बोर्डिंग वगैरे काही नाही. जस्ट से यू डोन्ट नो. वन फोन कॉल. दॅट्स ऑल आय अ‍ॅम आस्किंग.” बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “करतो.” आई म्हणाली मी करते, तर म्हणाले, “नाही, मीच करतो.”

रविवारी दुपारी त्यांनी फोन लावला. आमचा फोन स्वयंपाकघरात भिंतीवर होता, लांबलचक वळ्यावळ्यांच्या वायरचा. आई ओट्याशी, मी टेबलाशी, ताई फ्रिजला टेकून उभी. वरणाला उकळी आली होती. वैद्य काकूंचा आवाज रिसीव्हर बाबांच्या कानाला असूनही आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता. त्यांनी आधी बर्फाची चौकशी केली. मग बाबांनी काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, “भाऊसाहेब, मी काय म्हणते, त्या फ्रेमचं काय घेऊन बसलात. कुणीही काहीही छापतं. तुमचं दुसरंच काही असेल. किंवा माहीतच नसेल, तरी माझी हरकत नाही. दिरांचं मी बघते. तुम्ही फक्त मला एकदा सांगा.”

यापेक्षा दार आणखी किती उघडायचं असतं? त्या बाईला ही सून हवी होती आणि तिने बाबांच्या हातात उत्तर ठेवलं होतं. मला आठवतं, ताई हसली होती. बाबांनी वायर बोटाला गुंडाळली. ते आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हते. स्वयंपाकघराच्या दारातून दिवाणखान्याचा एक तुकडा दिसायचा, तिकडे ते बघत होते.

“नाही वहिनी,” ते म्हणाले. “आमचं कौशिकच. पिढ्यान् पिढ्या.”

पलीकडे काकू काहीतरी हळू बोलल्या, ते तेवढं आम्हाला ऐकू आलं नाही. बाबांनी संदीपच्या नोकरीची चौकशी केली. फोन ठेवला. ताई पुढे झाली आणि वरण करपायला लागलं होतं त्याखालचा गॅस तिने बंद केला. मग ती वर आपल्या खोलीत गेली. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. संदीप एकदा आला, गाडीतच बसून ताईशी बोलला. तो म्हणाला, युवर ओन डॅड सेड इट, आता मी आईला काय सांगू? ताईने त्याला खरं सांगितलं असतं तर? हा प्रश्न मी तिला त्याच आठवड्यात विचारला. ती म्हणाली की ते सांगायचं म्हणजे बाबांचं सांगायचं, आणि ते सांगायचा हक्क फक्त बाबांचा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ बाबांनी झाकली, पण आवळून धरली ती ताईने, आपल्या हाताने. वर्षाभरात संदीपचं लग्न दुसरीकडे ठरलं. सगळ्या मंडळाला आमंत्रण होतं. बाबा गेले, आई गेली नाही. ताईने बेलव्ह्यूला नोकरी घेतली आणि ती देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. ती दिवाळीला फोन करायची, आजारपणात यायची, बाबांशी नीट बोलायची, आणि सोफ्यावर कधी बसायची नाही. आई दर शनिवारी दिवाणखान्यातली सगळी धूळ पुसायची. त्या फ्रेमला तिने कधी फडकं लावलं नाही. लग्न ताईने केलं नाही. ते याच कारणाने असं मी म्हणणार नाही, तिनेही कधी म्हटलं नाही.

आता मी बाबांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे आले आहे. त्यांचा राग मला अजून येतो. तरीही त्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या तरुण माणसाला मी काय सांगितलं असतं, ते मला ठरवता येत नाही. एकदा दाराबाहेर ठेवलेला माणूस फोनवरून पुन्हा स्वतःच बाहेर जाऊन उभा राहील, ही अपेक्षा तशी मोठी होती. पण दाराबाहेर उभं राहायला कुणीतरी लागणारच होतं, आणि त्यांनी ताईला उभं केलं. हे मला माफ करता आलेलं नाही.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे मॉरिसव्हिलला राहायला आले. येताना दोन बॅगा आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेली ती फ्रेम. पलंगासमोर लावून घेतली. कागद पार तपकिरी झाला होता आणि सिंहाचं तोंड उडालं होतं. आता तसल्या ढाली इंटरनेटवर कपांवर आणि टी-शर्टांवर मिळतात, आणि लाळ तपासून कूळ सांगणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत. माझ्या मुलाने एका ख्रिसमसला आजोबांना तसला डबा भेट दिला. बाबांनी तो उघडलासुद्धा नाही. “मला माहीत आहे मी कोण ते,” असं ते म्हणाले आणि कानातलं मशीन काढून ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. ताई बेलव्ह्यूहून आली. फ्यूनरल होममध्ये आमच्याकडचे आयटीवाले पुष्कळ जमले होते, अर्ध्यांनी ऑफिसचं जॅकेटच घातलेलं. काही जणांनी मला हळूच विचारलं, काका मूळचे कुठले हो? गुरुजी तरुण होते, सकाळची मीटिंग कॅन्सल करून आलेले, लॅपटॉपची बॅग त्यांनी फुलांच्या शेजारी ठेवली होती. मुलगा नव्हता, म्हणून थोरल्या मुलीने करायचं ठरलं. ताई बाबांच्या पायाशी उभी राहिली. गुरुजींनी तिच्या हातावर पाणी सोडलं आणि विचारलं, “गोत्र?”

मी कौशिक म्हणणार होते. इतकी वर्षं तेच म्हणत आलो होतो आणि बाबांना तेच हवं असतं. पण ताईने माझ्याआधी उत्तर दिलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “त्यांनाही माहीत नव्हतं.”

मागे कुणी कुजबुजलं नाही. कुणी वळून पाहिलं नाही. एक जण फोन सायलेंटवर टाकत होता.

“हरकत नाही,” गुरुजी म्हणाले. “बऱ्याच जणांना नसतं. मग काश्यप म्हणा.”

आणि ताईने ते म्हटलं, बाबांकडे बघत, मोठ्याने, वैद्य काकूंच्या आवाजासारखं अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.